‘आपण’ म्हणजे कोण?

झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे एस्पेरान्तो जगापुढे ठेवली. तिच्यात ‘लिया’ म्हणजे दुसऱ्या कुणा पुरुषाचा आणि ‘सिया’ म्हणजे कर्त्याचा स्वतःचा. मराठीला हा भेद परका नाही: ‘त्याने त्याचे घर विकले’ हे वाक्य संदिग्ध राहते, ‘आपले घर विकले’ म्हणताच संदेह फिटतो.

परंतु एस्पेरान्तोच्या ‘नि’ या एकाच सर्वनामात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही मावतात. सोलापुरात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. येथे १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘मेमु’ आणि सामावून घेणारे ‘मनमु’ वेगळे आहेत. शेजारच्या कन्नडात मात्र ‘नावु’ एकच. गिरणीच्या दारात ‘आम्ही संप करणार’ आणि ‘आपण संप करणार’ यांतील अंतरावर ऐकणाऱ्याची भाकरी अवलंबून असते.

मराठी ‘आपण’चे मूळ संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्पण’. स्वतःसाठी असलेल्या शब्दातच मराठीने पुढे समोरच्यालाही घेतले. माणसे जोडण्यासाठी रचलेल्या भाषेला नेमका हाच शब्द सुचू नये, याचे नवल वाटते.