अरबी मुद्रणातील ओळभरणीचा प्रश्न

ओळीच्या दोन्ही कडा समान करण्यासाठी रोमन लिपीच्या मुद्रकांनी दोन उपाय रूढ केले : शब्दांमधील जागा कमीअधिक करणे आणि ओळीच्या अखेरीस शब्द तोडणे. कुराणाच्या प्राचीन कूफी हस्तलिखितांत, पुढे न जुळणाऱ्या अक्षरापाशी शब्द तोडलेला आढळतो. तथापि ती प्रथा पुढे अरबीत लोपली. लिपिकार कसर भरून काढीत तो अक्षरांच्या अंगानेच. अक्षरे एकावर एक चढवून तो शब्द आखूड करी, वा दोन अक्षरांमधील जोड वळणदार ताणून लांबवी. या ताणास 'कशीदा' म्हणतात. मराठीतील 'कशिदा' हा शब्दही त्याच फारसी मूळचा. ताण कोठे द्यावा, याचे संकेत शैलीगणिक ठरलेले होते.

शिशाच्या खिळ्यांना हे वळण मानवले नाही. खिळे जुळवून छापलेले पहिले अरबी पुस्तक १५१४ मध्ये इटलीतील फानो येथे निघाले. इस्तंबूलमध्ये इब्राहीम मुतफर्रिका याच्या छापखान्याचे पहिले पुस्तक १७२९ मध्ये प्रसिद्ध झाले. खिळ्याची रुंदी ठरीव असल्याने ताणासाठी सरळ रेषेचा स्वतंत्र तुकडा मध्ये बसवावा लागे. अशा रीतीने अक्षराचा अवयव हा ओळ भरण्याचे साहित्य बनला. १९५० नंतरच्या दशकात बैरूतच्या 'अल्-हयात' दैनिकाचे संस्थापक कामिल मुरुव्वा यांच्या पुढाकाराने लायनोटाइप यंत्रासाठी 'सरल अरबी' सिद्ध झाली. तीत अक्षरांची बहुतेक चार रूपे दोनांवर आणली गेली.

संगणकाने हाच वारसा पुढे चालविला. १९९१ च्या युनिकोडमध्ये 'ततवील' या नावाने त्या सरळ तुकड्यास स्वतंत्र वर्णाचे स्थान मिळाले. परिणामी, ततवील घालून लिहिलेला शब्द आणि त्याविना लिहिलेला तोच शब्द, ही संगणकाच्या लेखी दोन भिन्न वर्णमाला ठरतात. शोधप्रणालीने ततवील मुद्दाम वगळल्याविना ते एकमेकांशी जुळत नाहीत. इनडिझाइनसारख्या मांडणीप्रणालीत कशीदा आखूड, मध्यम वा लांब असा निवडता येतो, परंतु ओळीची लांबी साधणे आणि अक्षराचे वळण राखणे ही दोन कार्ये भिन्नच राहतात. डच लिपितज्ज्ञ टॉमस मीलो यांच्या डेकोटाइप संस्थेने इनडिझाइनसाठी तयार केलेल्या 'तस्मीम' या जोडप्रणालीने मात्र हस्तलिखितांतील रूपांतराचे नियमच गणनेत आणले.

यावरून असे दिसते की, प्रश्न केवळ यंत्रशक्तीचा नव्हता. रोमन मुद्रणाने जागा ही अक्षरांबाहेरची मानली. अरबी लेखनपरंपरेत ती अक्षरातच सामावलेली होती. ही धारणा यंत्रात उतरली नाही, तोवर ओळ भरली तरी लेखन अपुरेच राहिले.