स्थानिक वित्त : पेडणे व डिचोली (गोवा)

उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या तालुक्यांतल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या उत्पन्नाची साधने, त्यांच्यावरचा खर्चाचा भार आणि निधीवाटपात मागितले जाणारे बदल यांची ही नोंद. दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून ताब्यात घेतलेल्या भागातले. 2011 च्या जनगणनेनुसार पेडण्याची लोकसंख्या सुमारे 76 हजार आणि डिचोलीची सुमारे 98 हजार होती. पेडण्यात एकच नगरपालिका आहे आणि तीही ‘क’, म्हणजे सर्वांत लहान वर्गातली. डिचोली तालुक्यात डिचोली व साखळी अशा दोन. पेडण्यात विमानतळ आणि डिचोलीत लोहखनिज असूनही इथल्या पंचायती साध्या गटारासाठी पणजीकडे डोळे लावून बसतात. रोग उत्पन्नाच्या कमतरतेचा कमी आणि ते कुठे जमा होते याचा जास्त आहे.

नगरपालिकांचा कारभार 1968 च्या, तर पंचायतींचा 1994 च्या कायद्याने चालतो. 20 लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या राज्याला मधला, तालुका पातळीचा स्तर वगळण्याची मुभा घटनेने दिली आहे. त्यामुळे गोव्यात ग्रामपंचायतींच्या वर थेट जिल्हा पंचायतच येते, आणि तिच्याही हाती अधिकार बेताचेच. पाणी आणि वीज ही खाती राज्य सरकारकडे आहेत. ग्रामपंचायतीच्या वाट्याला मुख्यतः गटारे, पायवाटा, खांबावरचे दिवे आणि कचरा येतो. पंचायतीचा खरा कस कचऱ्यातच लागतो. प्रत्येक पंचायतीने सुक्या कचऱ्याची शेड उभारावी, असा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आग्रह आहे. शेड एकदा बांधून होते. वर्गीकरण करणाऱ्या माणसांचा पगार आणि गाडीचे डिझेल मात्र दर महिन्याला लागते.

स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यवसाय परवाने, बांधकाम परवान्याचे शुल्क, नगरपालिकेच्या दुकानांचे भाडे आणि सोपो. सोपो हा बाजारातल्या जागेवरचा कर. पेडण्याचा आठवडी बाजार गुरुवारी, डिचोलीचा बुधवारी आणि साखळीचा सोमवारी भरतो. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून त्या दिवसापुरते पैसे घेऊन पावती दिली जाते. ही वसुली ठेक्यावर देण्याची पद्धत गोव्यात जुनी आहे. वर्षाची रक्कम पालिकेला आधीच ठरवून मिळते, आणि बाजार वाढला तर त्या वाढीचा फायदा ठेकेदाराचा. पूर्वी जकात होती. ती गेल्यावर तिच्या बदली सरकारी अनुदान आले. हाती वसुलीचा अधिकार होता, त्या जागी मंजुरीची वाट पाहणे आले.

पेडण्याच्या किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल या गावांत व्हिला आणि हॉटेले उभी राहिली. एखादा व्हिला विकला की मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क राज्याला जाते, आणि खोलीभाड्यावरचा जीएसटी राज्य व केंद्र वाटून घेतात. पंचायतीला बांधकाम परवान्याचे पैसे एकदाच मिळतात. पुढे वर्षानुवर्षे फक्त घरपट्टी आणि व्यवसाय परवान्याचे शुल्क. टँकर, सांडपाणी आणि हंगामात वाढणारा कचरा मात्र गावचाच. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला. करारात विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर कंपनीने देऊ केलेला 36.99 टक्के महसुली हिस्सा राज्याच्या तिजोरीसाठी आहे. ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पंचायतींचा त्यात ठरलेला वाटा नाही.

डिचोलीची गोष्ट उलट्या बाजूने तीच. 2012 मध्ये आणि पुन्हा मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक, गॅरेजे आणि खानावळी एकदमच बसल्या. अशा वेळी घरपट्टी वाढवायची हिंमत कोणत्या पंचाला होणार? डिसेंबर 2022 च्या लिलावात डिचोलीचा खाणपट्टा वेदांता कंपनीला मिळाला आणि 2024 मध्ये उत्खनन सुरू झाले. रॉयल्टी राज्याची. खाणग्रस्त भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 30 टक्के रक्कम भरावी लागे. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी ती 10 टक्केच आहे. धूळ झेलणाऱ्या मुळगाव, लामगाव, शिरगाव, मये या गावांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शिवाय प्रतिष्ठानातला पैसा कशावर खर्चायचा, हे ग्रामसभा ठरवत नाही.

केंद्राचा निधीही मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेला बांधून ठेवला. हेतू चांगलाच, पण पायवाट खचलेल्या गावाला त्याचा उपयोग नाही. नगरपालिकांची मोठी कामे राज्य नगरविकास संस्था, म्हणजे बोलण्यातली ‘जीसुडा’, करते. इमारत पालिकेच्या नावावर येते, निविदेवर मात्र पालिकेचा हात नसतो.

घटनेच्या कलम 243-आय प्रमाणे दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा असतो. 1999 मध्ये पहिला आयोग नेमणाऱ्या गोव्यात हा क्रम पाळला गेलेला नाही, म्हणून सुधारणेची पहिली मागणी तीच. दुसरी मागणी मुद्रांक शुल्काची. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, सिंधुदुर्गात, मालमत्तेच्या व्यवहारावर एक टक्का जादा आकारून तो जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींकडे वळवला जातो. मोरजी-मांद्र्याच्या जमिनींचे भाव पाहता, असा एक टक्का पेडण्याच्या पंचायतींना कोणत्याही अनुदानापेक्षा जड भरेल. केरळने 1996 पासून योजना खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग स्थानिक संस्थांना देऊ केला. त्यामागे प्रशिक्षित कर्मचारी आणि जागत्या ग्रामसभा होत्या. गोव्यात एकाच सचिवाकडे दोन पंचायतींचा कारभार असण्याचे प्रसंग येतात. अशा ठिकाणी निधी वाढला तरी तो बँकेतच पडून राहील, हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर पदे भरण्यात आहे. घरपट्टीचे फेरमूल्यांकन मात्र पंचायतींनी स्वतः अंगावर घ्यायचे काम आहे. व्हिलाला आणि मातीच्या घराला जवळपास सारखीच पट्टी ठेवून पणजीकडे जास्त वाटा मागणाऱ्या पंचायतीची बाजू लंगडीच राहते.