पहिला धडा कोणत्या यंत्रावर?

रावेतला पवनेवर बंधारा आहे. पिंपरी-चिंचवड शहर आपल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा इथून उचलते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते. बरीच वर्षे रावेतची शहराशी सोयरीक एवढीच होती. १९९७ मध्ये गाव महापालिकेच्या हद्दीत आले. मग रस्ते रुंद झाले, बास्केट ब्रिज झाला, शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि २०१४ मध्ये पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग अँड रिसर्च सुरू झाले. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले तेही याच वर्षी. आकुर्डी, निगडी, ताथवडे आणि रावेत या पट्ट्यात आज कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मुले ठेच लागावी इतकी आहेत.

या मुलांची संगणकाच्या पोटातल्या रचनेशी पहिली गाठ पडते ती दुसऱ्या वर्षी, म्हणजे एसईला. विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये कॉम्प्युटर शाखेसाठी या विषयाचे नाव साधे ‘मायक्रोप्रोसेसर’ होते आणि शिकायची चिप होती इंटेल ८०३८६. ती बाजारात आली १९८५ मध्ये, तिच्यात पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर, आणि इंटेलने तिचे उत्पादन थांबवले २००७ मध्ये. ती शिकणारी बरीच मुले तेव्हा बालवाडीतही गेलेली नव्हती. नेमलेले पुस्तक जेम्स टर्ली यांचे, १९८८ सालचे. यावर नाक मुरडणे सोपे आहे आणि ओरल संपवून बाहेर पडणारी मुले ते मनसोक्त करतही असत. पण महाराष्ट्रात संगणकाच्या रचनेचा पहिला धडा कधीच ‘आज काय नवे आहे’ हे बघून ठरलेला नाही. हाताशी काय आहे, यावरून तो ठरत आला. या सवयीचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे.

त्याची सुरुवात रावेतच्या शेजारून जाणाऱ्या रेल्वेवर शोधता येते. आकुर्डी स्थानकातून धडाडत जाणाऱ्या डेक्कन क्वीनमध्ये एकेकाळी दामोदर धर्मानंद कोसंबी बसलेले असत. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारे. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांच्या चरित्रातला एक तुकडा मात्र सहसा सांगितला जात नाही. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोची फेलोशिप घेऊन इंग्लंड-अमेरिकेला गेले ते गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. १९४९ च्या वसंतात ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत होते. जॉन फॉन नॉयमन आपला संगणक तेव्हा तिथेच उभारत होते.

त्या संगणकाची कल्पना १९४६ च्या एका अहवालात मांडलेली होती: गणिताचे आकडे आणि काय करायचे त्या आज्ञा, दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच रूपात साठवायचे. यंत्राने एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची आणि पुढची उचलायची. आजच्या कोणत्याही आर्किटेक्चरच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण एवढेच सांगते. फॉन नॉयमन यांच्या गटाने आपले अहवाल गुलदस्त्यात न ठेवता जगभर वाटले आणि ते वाचून ठिकठिकाणी लोकांनी यंत्रे बांधली. मुंबईही त्यातच.

टाटा संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यात रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक छोटा गट जमला. भौतिकशास्त्र-इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली तरुण मंडळी. नरसिंहन सोडले तर यातल्या कोणीही संगणक वापरलेला नव्हता, बांधणे तर दूरच. या गटाला शिकवायला कोणी नव्हते, वर्गही नव्हता. त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी १९५६ मध्ये एक छोटे ‘पायलट’ यंत्र चालवून पाहिले आणि मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र सुरू केले. त्याला टिफ्रॅक हे नाव पुढे पंडित नेहरूंनी दिले. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, साडेबारा हजार रोधक. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, तीही फेराइट कोअरची, म्हणजे त्या काळासाठी अगदी अद्ययावत. महाराष्ट्रातला संगणक-रचनेचा पहिला वर्ग कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. त्या वर्गात पुस्तक वाचायचे आणि यंत्र जोडायचे ही दोन कामे वेगळी नव्हती.

मग मात्र दार बंद झाले. १९६४ मध्ये टाटा संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आला. पवईच्या आयआयटीत, जी सोव्हिएत मदतीने उभी राहिली होती, त्याच दशकात मिन्स्क-२ आला. यंत्रे कितीतरी मोठी झाली, वेग वाढला, हजारो लोकांची गणिते सुटू लागली. पण नव्याने शिकणारा यंत्रापासून दूर गेला. त्याने फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि कागदावर छापलेले उत्तर घेऊन जायचे. वातानुकूलित खोलीत कोणती आज्ञा कुठे गेली, हे त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ एक पिढी संगणक शिकली ती अशी, बाहेरच्या बाजूने.

दार पुन्हा उघडले ते एका चिपमुळे आणि एका राजकीय निर्णयामुळे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. पुण्यात पीआयसीटी, एमआयटी, व्हीआयटी, भारती विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झाली. पुढच्या वर्षी पिंपरीत डी. वाय. पाटील आले. तेच कॉलेज पुढे आकुर्डीला गेले. टेल्को आणि बजाजमध्ये तीन पाळ्यांत राबणाऱ्या घरांतली मुले पहिल्यांदाच मोठ्या संख्येने इंजिनिअरिंगला जाऊ लागली. कॉलेजे निघाली, वर्ग भरले. प्रयोगशाळेत ठेवायचे काय? मेनफ्रेम परवडणे अशक्य. परवडत होते ते ८०८५ चे किट.

इंटेलची ही आठ-बिटी चिप १९७६ ची. भारतीय कॉलेजांत ती पोचली तेव्हा जग सोळा बिटांवरून बत्तीस बिटांकडे निघाले होते. तरी ती टिकली, आणि कारणे अगदी व्यावहारिक होती. तिच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, हिला फक्त पाच व्होल्ट पुरे. पिना चाळीसच. पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा हे दोन्ही त्याच आठ पिनांवरून जात: अरुंद बोळातून आधी माणूस, मग त्याची हातगाडी जावी तसे. हे वेगळे करायला पत्ता धरून ठेवणारा एक लॅच जोडावा लागे, आणि तो का लागतो हे समजावताना मास्तरांना बस, घड्याळ, टी-स्टेट सगळे आपोआप सांगावे लागे. मुंबईच्या डायनालॉगने आणि चेन्नईच्या व्हीआय मायक्रोसिस्टिम्सने किट बनवली आणि पॉलिटेक्निकपासून डिग्रीपर्यंत टेबलाटेबलांवर ती दिसू लागली. उघडे सर्किट बोर्ड, पंचवीस-तीस बटणांचा कीपॅड, लाल आकड्यांचा डिस्प्ले: चार घरे पत्त्याला, दोन डेटाला.

पहिले प्रॅक्टिकल बहुधा दोन आकड्यांच्या बेरजेचे. पाच अधिक तीन. जर्नलमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातून प्रत्येक आज्ञेचा ऑपकोड शोधायचा आणि २००० या पत्त्यापासून एकेक बाइट बटणांनी भरायचा: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. एकूण नऊ बाइट. ३ई म्हणजे पुढचा आकडा ‘ए’ रजिस्टरमध्ये घे, ०६ म्हणजे पुढचा ‘बी’मध्ये घे, ८० म्हणजे बेरीज कर. ३२ म्हणजे उत्तर पुढे दिलेल्या पत्त्यावर ठेव. पत्ता २०५० असला तरी आधी ५० भरायचे, मग २०. इथे अर्धा वर्ग हमखास अडखळे. ७६ म्हणजे थांब. सगळे मिळून ३६ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके), म्हणजे साधारण बारा मायक्रोसेकंदांचे काम. भरायला मात्र दहा मिनिटे. बॅटरी बॅकअप नसलेल्या किटवर मध्येच लाइट गेली की पुन्हा ३ईपासून.

या कंटाळवाण्या बटणदाबीत जे शिकवले जाई ते फळ्यावर शिकवता येणे अवघड आहे. समजा घाईत पहिला ३ई राहून गेला. मग यंत्र ०५ पासून सुरू करणार. आता ०५ हा आकडा उरत नाही; ८०८५ च्या भाषेत ०५ ही आज्ञा आहे, ‘बी’मधून एक वजा कर. यंत्र तक्रार करत नाही, निमूटपणे वजाबाकी करते, पुढे जाते आणि २०५० वर ‘ए’मध्ये आधी जे काही पडलेले असेल त्यात तीन मिळवून ठेवते. शेवटचा ७६ विसरला तर त्यापुढच्या स्मृतीत जो कचरा असेल त्यालाच आज्ञा समजून यंत्र भरकटत राहते. आकडा आणि आज्ञा एकाच रूपात साठवतात, म्हणजे नक्की काय, हे १९४६ च्या अहवालातले वाक्य भोसरी-चिंचवडच्या पोराला असे चुकलेल्या उत्तरातून समजे. या एका गोष्टीसाठी त्या किटला शंभर गुन्हे माफ करावेत.

गुन्हे होतेच. परीक्षेला पिन डायग्राम आणि टायमिंग डायग्राम पाठ असले की भागत असे. सिराक्यूजला शिकवणाऱ्या रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे जाडजूड, सुरेख पुस्तक देशभर चाले. पुण्यात मात्र अनेकांचा अभ्यास शनिवार पेठेतल्या टेक्निकल पब्लिकेशन्सच्या ए. पी. गोडसे यांच्या पुस्तकांवर आणि अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या प्रतींवर निघे. पुढे अभ्यासक्रमात ८०८६ आला तेव्हा नागपूरच्या के. एम. भुरचंडी यांनी ए. के. रे यांच्यासह लिहिलेले पुस्तक त्याच दुकानांत जाऊन बसले.

पुण्यातच तेव्हा संगणकाची रचना अगदी वेगळ्या पातळीवर चालू होती, ही गंमत नोंदवायलाच हवी. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक सुरू झाले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर त्याचे प्रमुख. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. तो बांधला इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा जोडून. प्रत्येक चिपला चार दुवे, आणि त्या दुव्यांनी शेजारच्या चिपांशी बोलत काम वाटून घ्यायचे. इथेही हाताशी काय मिळते यावरच रचना बेतलेली होती. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता, ट्रान्सप्युटर मिळत होते. विद्यापीठाच्या आवारात समांतर गणनेचे यंत्र आणि त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांत ३ई ०५. दोन्हींमध्ये अंतर काही किलोमीटरचे, पण अभ्यासक्रमात त्यांची भेट फारशी झाली नाही.

नव्वदच्या दशकात पीसी स्वस्त झाले आणि किटवर धूळ बसू लागली. असेंबलर आला, ऑपकोड शोधणे गेले. पुणे विद्यापीठाने कॉम्प्युटर शाखेत ८०३८६ ला जे स्थान दिले त्यामागे तर्क आहे. संरक्षित मोड, पेजिंग, एकाच वेळी अनेक कामे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ज्यावर उभी राहते ते सगळे या चिपमध्ये पहिल्यांदा एकत्र आणि नीट सापडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले तेही ३८६ च्या पीसीवर. पण किंमतही मोजावी लागते. आजचा प्रोसेसर वेगवान होतो तो मुख्यतः कॅशमुळे आणि खोल पाइपलाइनमुळे. ३८६ च्या चिपवर कॅश नव्हतीच. ज्या गोष्टींवर हेनेसी आणि पॅटरसन यांच्या १९९० च्या ग्रंथाने सगळ्या जगाचे आर्किटेक्चरचे शिक्षण बदलले, त्या गोष्टी दाखवायला ही चिप लंगडी पडते.

प्रयोगशाळेत तर विसंगती आणखी ठळक होती. तासाला ३२ बिटांची ३८६, प्रॅक्टिकलला ६४-बिट लिनक्सवर नॅस्म हा असेंबलर. पहिल्याच असाइनमेंटमध्ये वापरकर्त्याकडून ६४ बिटांचे पाच हेक्साडेसिमल आकडे घ्यायचे, ॲरेमध्ये ठेवायचे आणि परत दाखवायचे. कीबोर्डवरून येतो तो आकडा नसतो, अक्षराचा ॲस्की संकेत असतो, त्याचा आकडा आपल्यालाच करावा लागतो, हे इथे पहिल्यांदा कळते आणि तेवढ्यासाठी तरी हे असाइनमेंट मोलाचे. तिकडे लिनक्सनेच २०१२ च्या अखेरीस ३८६ ला निरोप दिलेला. म्हणजे ज्या चिपचा अभ्यास चालू, तिच्यावर प्रयोगशाळेतली प्रणाली चढणारही नाही.

दरम्यान हाताशी काय आहे, हेच बदलते आहे. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच कोणालाही फुकट वापरता येतो. त्याच्या ३२-बिट गाभ्यात अवघ्या चाळीसेक आज्ञा आहेत. ८०८५ मध्येही ७४ होत्या. सगळ्या आज्ञा सारख्याच लांबीच्या, त्यामुळे विद्यार्थ्याला असा प्रोसेसर लॉजिसिमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः जोडून चालवता येतो. आयआयटी मद्रासने त्यावर शक्ती हा प्रोसेसर बनवला. पवईच्या आयआयटीने स्पार्क आज्ञासंचावर अजित हा प्रोसेसर तयार केला आणि तो मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडवला. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने वेगा ही रिस्क-फाइव्ह मालिका आणली आणि तिच्यावरचे ॲरीज नावाचे छोटे बोर्ड कॉलेजांसाठी काढले.

ॲरीजवर प्रोग्रॅम आर्डुइनोच्या परिचित खिडकीतून, सी भाषेत चढतो. पाच अधिक तीनची बेरीज एका ओळीत होते. कंपायलर तर ती आधीच करून आठच लिहून टाकतो. बेरजेची आज्ञा चिपपर्यंत पोचतही नाही. ती बघायची असेल तर आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवून, ऑप्टिमायझेशन बंद करून डिसअसेंब्लीची, म्हणजे चिपला मिळणाऱ्या आज्ञांची, फाइल उघडावी लागते, आणि ती उघडायला लावायची की नाही, हे असाइनमेंट लिहिणाऱ्या मास्तरांच्या हातात आहे.