संमतिवयाच्या वादातील ‘संमती’

१८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले. टिळकांनी ‘केसरी’तून या सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला, तर मिल-स्पेन्सर पचवलेल्या आगरकरांनी ‘सुधारका’तून त्याचा पुरस्कार केला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यानेच निर्बंध मागावा, ही विसंगती केवळ वरवरची आहे. स्वातंत्र्याची सीमा परपीडेपाशी येते, हे मिलचेच तत्त्व. आणि कलकत्त्यातील फुलमणीच्या मृत्यूच्या खटल्याने (१८९०) ही पीडा उघड केली होती. टिळकांनाही बालविवाह प्रिय नव्हता. परंतु त्यांच्या युक्तिवादात स्वायत्त होता तो समाज, पत्नी नव्हे. कायद्यातील ‘संमती’ तरी कोणाची? बाराच्या आत ती निरर्थक. त्यानंतर विवाहितेला ती कोणी विचारतच नव्हते. नांदायला जा, अन्यथा सहा महिने तुरुंग, असे न्यायालयाने रखमाबाईंना १८८७ मध्ये बजावले होते. पतीच्या त्या हक्काला नव्या कायद्याने हात लावला नाही.