उन्हाळी, मुतखडा आणि तंजावरचा धन्वंतरी महाल

तंजावरच्या मराठ्यांवर बोलताना आपण राजवाडा पाहतो, ग्रंथालय पाहतो, बृहदीश्वराच्या देवळातला भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहतो. आज विषय जरा संकोचाचा आहे, पण घरोघरचा आहे: लघवीची जळजळ आणि मुतखडा.

आधी शब्द पाहू. लघवीला आग होऊ लागली की आपण म्हणतो, ‘उन्हाळी लागली’. तमिळमध्ये त्याला ‘नीर्क्कडुप्पु’ म्हणतात. मुतखड्याला तमिळ वैद्यांचा शब्द आहे ‘कल्लडैप्पु’. कल् म्हणजे दगड, अडैप्पु म्हणजे अडथळा. संस्कृतात अश्मरी. तंजावरच्या दरबारात या तिन्ही भाषा नांदत होत्या. दुखणं प्रत्येक भाषेनं नेमकं पकडलं, पण जळजळ आणि खडा यांचं आपसातलं नातं या नावांत कुठेच दिसत नाही. ते कळायला अजून बराच काळ जायचा होता.

सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनीशी तह झाला आणि राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांच्या हाती उरला तो किल्ला आणि महसुलाचा ठरलेला हिस्सा. दुसरा कोणी हळहळत बसला असता. या राजानं पुस्तकं जमवली, छापखाना काढला आणि वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे एकत्र काम करत. पारखून घेतलेले उपचार तमिळ पद्यात बांधले गेले. तेच ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’. शरभेंद्र म्हणजे आपले सरफोजी.

मला स्वतःला या सगळ्यात मोठं वाटतं ते डोळ्यांच्या रुग्णांचं दप्तर. रुग्ण कोण, त्रास काय, उपचार काय केला, याच्या नोंदी आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. औषध लागू पडलं असं नुसतं म्हणायचं नाही, लिहून ठेवायचं.

आता मुतखड्याकडे येऊ. सुश्रुतसंहितेनं अश्मरीला यमासारखा भयंकर रोग म्हटलं आहे. खडा नवा असेल तर औषधानं जमेल, वाढला तर शस्त्रच हवं, असा तिचा निर्वाळा आहे. शस्त्रक्रियाही सांगितली आहे: गुदमार्गातून बोटांनी खडा पुढे सारायचा आणि शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाएवढं अंतर सोडून छेद द्यायचा. पण त्याआधी राजाची परवानगी घ्यायची, कारण शस्त्र न केलं तर मरण नक्की आणि केलं तरी जगण्याची खात्री नाही. ही शस्त्रक्रिया मूत्राशयातल्या खड्याची आहे, मूत्रपिंडातल्या नव्हे. हा फरक विसरून आपण ‘सगळं आधीच माहीत होतं’ म्हणतो. तसं नव्हतं, आणि सुश्रुतानंही तसा दावा केलेला नाही. आपलं ज्ञान कुठे थांबतं ते त्यानं स्वच्छ सांगितलं.

त्या काळी युरोपही फार पुढे नव्हता. सरफोजींच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १७७६ मध्ये, शीले या रसायनशास्त्रज्ञाला खड्यात युरिक आम्ल सापडलं. १८२४ मध्ये, सरफोजी गादीवर असतानाच, पॅरिसमध्ये सिव्हियाल यांनी चिरफाड न करता, लघवीच्या मार्गातून हत्यार घालून मूत्राशयातला खडा फोडून दाखवला. भूल देण्याचं तंत्र तेव्हा हाती नव्हतं. राजे १८३२ मध्ये गेले, ईथरची भूल १८४६ मध्ये आली.

जंतूंची ओळख त्याच्याही नंतरची. लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे असणारा ई. कोलाय हा जंतू एशेरिख यांनी १८८५ मध्ये वर्णिला. मग हळूहळू ते हरवलेलं नातं उलगडलं. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यातून खडे बनतात. उलट, खड्यानं वाट अडली की लघवी तुंबते आणि जंतू वाढतात. खड्यात दडलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही, म्हणून संसर्ग पुन्हा पुन्हा येतो. उन्हाळी आणि कल्लडैप्पु यांची गाठ अशी पडते.

हे का सांगतोय? अजूनही पाठीत कळ आली की आपण केळीच्या गाभ्याचा रस, गोखरूचा काढा यावर दिवस काढतो. तंजावरकडेही केळीचा गाभा याचसाठी खातात. खा, हरकत नाही. पाणी भरपूर प्या. ज्यांना एकदा खडा झालाय त्यांना दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. मात्र कळ येतेय आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, किंवा लघवी बंद झालीय, तर काढा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर आधी वाट मोकळी करावी लागते, खड्याचं नंतर बघतात. उशीर झाला तर विष रक्तात पसरतं. गरोदर बाई किंवा मधुमेही माणूस असेल तर नुसती जळजळसुद्धा अंगावर काढू नका.

परंपरेचा मान राखायचा तर तंजावरच्या राजाकडून एवढं घ्यावं: जुनं जपायचं, नवं तपासायचं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. खडा पडला तर तो फेकू नका, तपासायला द्या. अहवाल जपून ठेवा. खडा कशाचा होता यावर पुढचं पथ्य ठरतं.