डायलिसिसवरील रुग्णांमधील हृदयविकृती

डायलिसिसवरील रुग्णांमधील हृदयविकृती म्हणजे मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याने डायलिसिसवर अवलंबून असलेल्या व्यक्तींच्या हृदयाच्या रचनेत व कार्यात होणारे बिघाड. या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. मूत्रपिंडविकार आणि वाढलेले हृदय यांचा संबंध लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवला होता.

स्वरूप व कारणे

डाव्या निलयाची भिंत जाड होणे ही सर्वाधिक आढळणारी विकृती होय. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात डायलिसिस सुरू होतानाच सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत ती दिसली. उच्च रक्तदाब, शरीरात साठलेले पाणी व रक्तक्षय ही तिची प्रमुख कारणे आहेत. हातावरील फिस्टुलामुळेही हृदयावरचा भार वाढतो. जाड झालेली भिंत पुरेशी सैल होत नाही, त्यामुळे हृदयाचे आकुंचन चांगले असूनही रुग्णाला धाप लागू शकते. फॉस्फरसचे प्रमाण वाढल्याने झडपा व धमन्यांत कॅल्शियम साचते.

निदान सोपे नसते. मधुमेही रुग्णाच्या छातीत दुखेलच असे नाही. ट्रोपोनिन अनेकांत कायमच वाढलेले असते, म्हणून एका चाचणीपेक्षा काही तासांनी केलेल्या दुसऱ्या चाचणीतील फरक महत्त्वाचा ठरतो.

दोन सत्रांमधील काळ

आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांना एकदा दोन दिवसांचा खंड पडतो. या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण वाढते, असे २०११ मधील मोठ्या अमेरिकी अभ्यासात आढळले. भारतात अनेकांना आठवड्यातून दोनच सत्रे मिळतात. त्यांचा खंड याहून लांब असतो.

नागपुरात या प्रश्नाला स्थानिक बाजू आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील रुग्ण उपचारांसाठी येथे येतात आणि प्रवासाच्या अडचणीमुळे सत्र चुकल्यास पाणी व पोटॅशियम दोन्ही साठतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तहान अनावर होते. पण लघवी जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाने प्यायलेले पाणी पुढील सत्रापर्यंत शरीरातच राहते. शहराची ओळख असलेले संत्रेही येथे अडचणीचे ठरते. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि पेलाभर रसात तीन-चार संत्री सहज जातात. नारळपाणी त्याहून जोखमीचे. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबू शकते, तेही आधी ठळक लक्षण न दिसता.

उपचार

मीठ कमी करणे, योग्य ‘कोरडे वजन’ राखणे व पाणी सावकाश काढणे हा उपचारांचा पाया आहे. पाणी फार वेगाने काढल्यास हृदयस्नायूचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी पडतो. चुकलेल्या सत्राची भरपाई एकाच बैठकीत करण्याचा धोका हाच. २०१० मधील एका चाचणीत आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस केल्याने डाव्या निलयाचे वस्तुमान घटले, परंतु भारतात हे क्वचितच परवडते. यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अनेकांत हृदयाचे आकुंचन सुधारते. त्यामुळे केवळ हृदय दुर्बल आहे म्हणून रुग्णाला प्रत्यारोपणासाठी अपात्र मानले जात नाही.