पंचवीस की बावन्न: साक्षरता वर्ग चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी

साक्षरता वर्गातल्या बाईला ‘पंचवीस’ लिहायला सांगितले की ती पुष्कळदा ५२ लिहिते. स्वयंसेवक ते खोडतो, शेजारी २५ काढून देतो आणि दहा वेळा गिरवायला सांगतो. बाई दहा वेळा गिरवते, आणि पुढच्या आठवड्यात ‘सदतीस’ला ७३ लिहिते. स्वयंसेवकाच्या मते बाईंचे लक्ष नाही. खरे तर ती फारच लक्ष देऊन ऐकते आहे. मराठीत संख्येचे नाव घेताना एकक आधी येतो, दशक मागून: पंच-वीस, सद-तीस, अठ्ठे-चाळीस. लिहिताना क्रम उलटा, दशक डावीकडे. ऐकू आले त्याच क्रमाने हात चालला तर ५२ च उमटणार. हीच बाई बाजारात पंचवीस रुपयांची मेथी विकते आणि शंभराच्या नोटेतले पंच्याहत्तर क्षणात परत देते. संख्या तिला पक्की ठाऊक आहे, तिला ठाऊक नाही ती लेखनाची रीत. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वादंग माजले. ते वाचन पटो न पटो, त्यामागची अडचण खरी होती.)

आता प्रश्न असा, की हे त्या स्वयंसेवकाला सांगायचे कोणी? तो बहुधा बारावीतला मुलगा, नाहीतर शेजारची सून. मानधन नाही, अध्यापनाची पदविका नाही. त्याच्याकडून भाषेच्या आणि गणिताच्या अशा बारकाव्यांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते ज्ञान त्याच्या एक पायरी वर असायला हवे, म्हणजे दहा-बारा वर्गांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाकडे. या माणसाचे नाव योजनेगणिक बदलत आले. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात तो ‘पर्यवेक्षक’ होता, २००९ च्या साक्षर भारत योजनेत ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षा केंद्रावरचा ‘प्रेरक’ होता, आणि सध्याच्या उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात शाळा हाच अंमलबजावणीचा एकक असल्याने हे काम मुख्याध्यापकाच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या टेबलावर येऊन पडते. सोयीसाठी येथे त्याला ‘चालक’ म्हणू. प्रौढ साक्षरतेवर लिहिले-बोलले जाते ते शिकणाऱ्याविषयी किंवा शिकवणाऱ्याविषयी. चालकाच्या वाट्याला परिपत्रके येतात.

चालकाचे काम नेमके कोणते? शिकणारे शोधणे, स्वयंसेवक मिळवणे, दोघांची जोडी जमवणे, जागा आणि वेळ ठरवणे, वर्ग चालू असताना जाऊन पाहणे, गळणाऱ्यांच्या घरी जाणे, चाचणी घेणे आणि या सगळ्याची नोंद ठेवणे. यातले शेवटचे काम वगळता प्रत्येकात निर्णयशक्ती लागते. आपली प्रशिक्षणे मात्र शेवटच्या कामावरच भर देतात, कारण ते शिकवायला सोपे आणि तपासायला त्याहून सोपे.

साखळीचा हिशेब

आपल्याकडे प्रशिक्षणाची रूढ पद्धत साखळीची. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि त्या यशानंतर संपूर्ण साक्षरता अभियाने देशभर पसरली, तेव्हा ही साखळी पक्की झाली: मुख्य साधन व्यक्ती, तिच्याखाली साधन व्यक्ती, मग मास्टर ट्रेनर आणि तळाशी स्वयंसेवक. लाखो स्वयंसेवकांपर्यंत थोड्या महिन्यांत पोहोचायचे तर दुसरा मार्गही नव्हता. पण साखळीत गळती असते. समजा, प्रत्येक टप्प्यावर ऐकलेल्यातले चार पंचमांश पुढे गेले, तरी तीन हस्तांतरांनंतर निम्मेच उरते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात गळती सर्व गोष्टींची सारखी होत नाही, आणि गोम इथेच आहे. वर्गाचे तास, प्रपत्रांचे नमुने, अहवालाची तारीख हे सारे तळापर्यंत शाबूत पोहोचते. वाटेत सांडते ते कौशल्य. माहिती तोंडाने सांगता येते. हाताची कला हात धरून दाखवावी लागते, आणि ज्याने ती स्वतः कधी केलेली नाही तो ती दाखवणार कशी?

तालुक्याच्या ठिकाणचे उद्बोधन शिबिर ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. सभागृहात रांगेने खुर्च्या, दीपप्रज्वलन, हार, हजेरीपटावर सह्या. मग ‘प्रौढ मानसशास्त्र’ या विषयावर दीड तास. अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आसपास मांडलेली सूत्रे फळ्यावर येतात: प्रौढ माणूस अनुभव घेऊन येतो, त्याला शिकण्याचा उपयोग आजच दिसायला हवा, त्याला कोरे भांडे समजून ओतू नये. सगळे खरे. आणि समोर चाळीस प्रौढ माणसे कोरी भांडी बनून बसलेली असतात. प्रौढांना व्याख्याने देऊ नयेत या विषयावरचे व्याख्यान हा आपल्या प्रशिक्षणांचा कायमचा विनोद आहे. जेवणानंतर प्रपत्रे भरण्याचा सराव होतो, आणि खरे प्रश्न तिथे विचारले जातात: रकाना सातमध्ये जुनी नावे धरायची की नवी?

हल्ली साखळीला पर्याय म्हणून मोबाइल आला आहे. उल्लासचे ॲप आहे, ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावर साहित्य आणि चित्रफिती आहेत. गळतीच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, कारण पुण्यात किंवा दिल्लीत जे बोलले गेले तेच गडचिरोलीत ऐकू येते. परंतु चित्रफितीला वही दिसत नाही. ५२ लिहिलेली वही समोर ठेवून ‘हे असे का झाले असेल?’ असे विचारणारे माणूस लागते.

पाहण्याचे शास्त्र

चालकाच्या प्रशिक्षणाचा गाभा माझ्या मते एका शब्दात सांगता येईल: निदान. प्रौढाच्या चुकीत जवळजवळ नेहमी एक तर्क असतो आणि तो शोधता येणे हे शिकवता येण्याजोगे कौशल्य आहे. संख्येचे उदाहरण वर आलेच. अक्षरांच्या बाजूला पहिली वेलांटी तशीच फसवी. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि इ मागून, पण कागदावर वेलांटी क च्या डाव्या अंगाला बसते. कानावर विसंबणारा माणूस ती पुढच्या अक्षराला देतो. रफाराचे त्याहून विचित्र. ‘सूर्य’ म्हणताना र् मधे ऐकू येतो, लिहिताना तो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि ‘सुऱ्या’मध्ये त्याच र् चे रूप निराळेच होते. लहानपणी शिकलेल्याला हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही अवघड आहे हेच तो विसरून जातो. चालकाला हे विसरणे परवडत नाही.

सहीचे पाहा. ‘मला सही येते’ असे सांगणारी बाई साक्षरतेच्या यादीतून अनेकदा सुटते. तिला सही करू द्यावी आणि मग पहिले अक्षर बोटाने झाकून विचारावे, उरले ते काय? ‘सुनंदा’ लिहिणारी ‘नंदा’ वाचू शकली तर अक्षरे तिला कळली. गप्प राहिली तर ती नाव लिहीत नाही, चित्र काढते आहे. दोघींचा अभ्यासक्रम एक असू शकत नाही. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीला साधन लागत नाही की प्रपत्र. पण ती करायची असते हे कोणीतरी दाखवलेले असावे लागते, आणि हळू आवाजात, चारचौघींपुढे लाज न वाटेल अशी कशी करायची तेही.

ब्राझीलमध्ये १९६३ साली आंजिकोस या गावी पाउलो फ्रेइरे यांनी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा जो प्रयोग केला, तो जगभर गाजला तो वेगासाठी. स्वतः फ्रेइरे यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. गट चालवणाऱ्यांना तंत्र शिकवणे अवघड नव्हते, अवघड होते ते त्यांच्यात संवादाची वृत्ती आणणे. आपल्याकडचा अनुभव याला दुजोराच देईल. मास्तरकी आपल्या अंगात खोल मुरलेली आहे. एकोणीस वर्षांचा स्वयंसेवकसुद्धा वर्गात शिरला की त्याचा आवाज चढतो आणि पंचावन्न वर्षांच्या आत्याबाईंना तो ‘चूप बसा’ म्हणून मोकळा होतो. चालकाने वर्ग पाहताना एवढेच मोजले तरी पुष्कळ: प्रश्न विचारल्यावर स्वयंसेवक उत्तरासाठी किती थांबतो? बहुतेक जण मनातल्या मनात तीन मोजण्याआधी उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

कार्यकर्ता असा घडवायला वेळ आणि जागा लागते, ही गोष्ट लखनौच्या लिटरसी हाउसने फार आधी ओळखली होती. वेल्दी फिशर यांनी ते १९५३ मध्ये अलाहाबादला सुरू केले आणि १९५६ मध्ये लखनौला नेले. तिथल्या इमारती वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या. साक्षरता कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र, निवासी, कायमची जागा ही त्यामागची कल्पना, आणि तिथे कार्यकर्ते कठपुतळ्यांचा वापरही शिकत. महाराष्ट्रात राज्य संसाधन केंद्राचे काम जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभारलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेकडे होते. कायमच्या जागेला एक किंमत असते. चुकांची आठवण तिथे साठून राहते.

याच्या उलट मोहीम. साताऱ्यात १९५९ मध्ये सुरू झालेली आणि पुढे राज्यभर गेलेली ग्राम शिक्षण मोहीम हा महाराष्ट्राच्या इतिहासातला खरोखर उमदा अध्याय आहे. अख्खे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. उत्साहाला तोटा नव्हता. पण समारंभानंतर गावात वाचत राहण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर मोहिमेत बसत नव्हते, आणि नवसाक्षर पुन्हा निरक्षर होत गेले. वाचन टिकवणे हे चालकाचे काम आहे आणि समारंभाबरोबर चालकही घरी गेला होता.

तीस संध्याकाळी

प्रशिक्षण कोठे व्हावे याचे उत्तर एका साध्या गणितात दडलेले आहे. १९७८ च्या रचनेत एका पर्यवेक्षकाकडे सुमारे ३० केंद्रे असत. वर्ग भरत संध्याकाळी, जेवणे उरकल्यावर. एका संध्याकाळी एक केंद्र नीट पाहून होते, फार तर दोन. म्हणजे एकही सुट्टी न घेता फिरला तरी एका वर्गाला त्याचे पाय महिन्यात एकदा, फार तर दोनदा लागणार. अशा माणसाकडून मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवणे म्हणजे पोस्टमनला पत्रे वाचून दाखवायला सांगण्यासारखे आहे. संख्या दहा-बारावर आणली तरच पाहणे शक्य होते, आणि पाहणे शक्य झाले तरच शिकवणे.

म्हणून माझा भर वार्षिक शिबिरावर नाही, मासिक बैठकीवर आहे. दहा-बारा स्वयंसेवक, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दोन वह्या आणायच्या. पहिला तास प्रपत्रांना हात लावायचा नाही. वह्या मधे ठेवून एकेक चूक वाचायची आणि तिच्यामागचा तर्क काय असेल ते सगळ्यांनी ओळखायचे. मग एकाने पंधरा मिनिटे शिकवून दाखवायचे, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. चालकाला तयार करायचे ते ही बैठक चालवण्यासाठी. व्याख्यान देण्यासाठी नव्हे. तो स्वतः आधी चार-सहा महिने एखादा वर्ग घेऊन बसलेला असावा, ही अट मी तरी सोडणार नाही.

मोजमापाबाबत थोडक्यात. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने निकष घातले होते ते नेमके होते: मोठ्याने वाचन मिनिटाला ३० शब्द, मूकवाचन ३५, पाहून लेखन ७, श्रुतलेखन ५. उल्लासमधली चाचणी १५० गुणांची आहे, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५० प्रमाणे. चालकाला दोन्ही ठाऊक असावे. मात्र उत्तीर्ण झालेली बाई एसटीची पाटी वाचते का, हे त्याने स्थानकावर जाऊन पाहावे.

वेळापत्रक हा मात्र बारकाईने शिकवण्याचा विषय आहे. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर परततात. महाराष्ट्रात २०२४ आणि २०२५ मध्ये साक्षरता चाचणी मार्च महिन्यात झाली, म्हणजे त्यातली अनेकजणी अजून फडावर असताना. शाळेच्या वर्षाला बांधलेल्या चालकाला हे खटकत नाही. जो गावाचे पीकवर्ष कागदावर मांडायला शिकला आहे, तो जून ते सप्टेंबरचा विचार करील, आणि खुरपणीच्या दिवसांत संध्याकाळी आठला कोणी येणार नाही हेही त्याला माहीत असेल.

राहिला पैसा. उल्लासची पाच वर्षांची तरतूद १,०३७.९० कोटी रुपये आहे आणि उद्दिष्ट पाच कोटी शिकणाऱ्यांचे. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये येतात. त्यातच पुस्तिका, चाचणी, ॲप आणि प्रशिक्षण. स्वयंसेवक विनामोबदला काम करतो, ठीक आहे, सेवाभावाला आपल्याकडे परंपरा आहे. पण चालकाचे काम सेवाभावावर चालत नाही, कारण ते कौशल्याचे आहे आणि कौशल्य मुरायला वर्षे लागतात. साक्षर भारतमध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन प्रेरक होते, महिना २,००० रुपये मानधनावर. ३१ मार्च २०१८ ला योजना संपली आणि मानधनही. पुढची पूर्ण योजना २०२२ मध्ये आली ती नव्या नावाने, नव्या माणसांनिशी, नव्या उद्बोधन वर्गांसह. मधल्या चार वर्षांत त्या प्रेरकांना वर्ग भरवण्याबद्दल, गळती थांबवण्याबद्दल, सुनेला बाहेर पाठवायला सासूला कसे राजी करायचे याबद्दल जे कळले होते, ते कोणी विचारले नाही. साक्षर भारत ज्या जिल्ह्यांत होते तिथल्या ग्रामपंचायतींत त्यांची नावे असणार. त्यांतले कितीजण अजून गावात आहेत, हे ग्रामसेवकाला एका दुपारी सांगता येईल.